कंट्रोलची साखर

१२ जानेवारी २०२५, रविवार

कंपनीत शिफ्ट सुटायच्या आधी लॉगबुक भरायची सवय होती. निवृत्त होईपर्यंत मी बॉयलर अटेंडंट होतो, आनंदनगर एमआयडीसीत. ड्युटीवर चढलं की आधी बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघायची, मग वाफेचं प्रेशर, आणि काही खटकलं असेल तर तेही लिहायचं. आता बॉयलर नाही, पण प्रेशर आहे. माझं स्वतःचं. काल गावातल्या सरकारी दवाखान्यात तिथल्या आरोग्य अधिकारी श्रद्धा मॅडमनी दंडाला दोनदा पट्टा बांधला, दोनदा तोंड बारीक केलं आणि म्हणाल्या, "काका, वरचा आकडा एकशे सत्तर आहे." मी विचारलं, सेफ्टी व्हॉल्व्ह अजून उडाला नाही ना? त्या हसल्या नाहीत. रोज एक गोळी सुरू केली आणि काय काय होतं ते लिहून ठेवा म्हणाल्या. हितेशने, म्हणजे माझ्या मुलाने, कपाटातून ही कोरी डायरी काढून दिली.

हे सगळं विनितामुळे. विनिता माझी सून. ती आशा सेविका आहे. बदलापूर गावातल्या आमच्या आळीतली घरं तिच्याकडे आहेत. तिशीच्या वरच्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि प्रेशर-शुगर तपासायला दवाखान्यात धाडायचं हे तिचं काम. आमचं घर काही आळीबाहेर नाही. तेव्हा परवा तिने सकाळी भाकऱ्या थापल्या, हात धुतले, आशाची साडी नेसली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि खांद्याला पिशवी लावून पुढच्या दारात उभी. "येऊ का?" मी म्हटलं, ये बाई, घर तुझंच आहे. तर म्हणते, "बाबा, आत्ता मी ड्युटीवर आहे."

आणि प्रश्न तरी कसले! दारू घेता का? तंबाखू खाता का? सुनेने सासऱ्याला विचारायचे प्रश्न आहेत हे? मी ठणकावून नाही म्हटलं. सदऱ्याच्या खिशातून पुडी डोकावत होती ते नंतर लक्षात आलं. विनिताने खिशाकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

मग ती माझ्या बायकोकडे, काशीकडे वळली. तहान फार लागते का, जखम भरायला वेळ लागतो का, पायांना मुंग्या येतात का? मीच सांगून टाकलं, हिला काय होतंय, दगड पचवते ही. विनिता म्हणाली, "बाबा, आईंना बोलू द्या ना." काशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे बोलतान तसाच लिव." विषय मिटला.

१७ जानेवारी

मीठ कमी करा म्हणे. माझ्या आईचं माहेर खाडीकडचं, तिच्या बापाने मिठागरात जन्म काढला, आणि आता मी मीठ मोजून खायचं. सुकट बंद, लोणचं बंद, पापड बंद. काशी मात्र मॅडमच्या वरताण निघाली. लोणच्याची बरणी तिने फळीवर इतकी वर ठेवलीय की स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, आणि स्टूल सरकवलं की आवाज होतो.

काशीची स्वतःची एक वेगळीच टूम चालू आहे, दसऱ्यापासून. तिला साखर दुकानातली चालत नाही, कंट्रोलचीच हवी. रेशनचं दुकान म्हणजे कंट्रोल, आमच्या पिढीच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. मी तिला सांगून दमलो की आपलं कार्ड केशरी आहे, साखर मिळते ती पिवळ्या कार्डाला. तर तिने शेजारच्या भागीरथीशी संधान बांधलं. आपल्या शेतातला तांदूळ तिला द्यायचा आणि तिची कंट्रोलची साखर आपण घ्यायची. ती साखर मळकट, चहात विरघळायला वेळ लावते. परवा विनिताने चुकून बाजारातून पुडा आणला तर काशीने तो उघडूसुद्धा दिला नाही. म्हातारपणी एकेकाला काटकसरीचं वेड लागतं. मी बोलत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो. गोळीने डोकं हलकं वाटतंय.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं, जिज्ञासाचं, लग्न ठरलं. वीस एप्रिल. धवलारीण अर्थात काशी. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं, आणि ती बसून गात नाही. मांडवभर फिरते, अनवाणी, नवरीच्या मागे-पुढे. काशीला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येतात. घरात ती मोजकं बोलते, पण मांडवात तिचा आवाज लागला की डीजेवाला आपणहून मशीन बंद करतो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पाहिलेलं लिहितोय.

तिची पोलकी सैल झालीत, ती आत घालून घ्यायला टाकलीत. या वयात कंबर बारीक होते, सगळ्यांच्या नशिबी असतं का हे? मी तसं म्हटलं तर लाजली. लग्न झालं तेव्हाची आठवली.

मातीचं मडकं गळतंय वाटतं. थंडीचे दिवस, कोणी फारसं पाणी पीत नाही, तरी सकाळी बघावं तर तळाला. नवीन आणायला हवं.

९ फेब्रुवारी, रविवार

उल्हासनगरला गेलो होतो, कॅम्प दोनच्या बाजारात. नवीन मडकं बदलापुरातच मिळालं, पण काशीला लग्नाच्या घाईत पायात घालायला काहीतरी बरं घ्यावं असं मनात होतं. तिच्या चपला झिजून तळाला भोक पडलंय. ती स्वतःहून मागणार नाही.

दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसल्या बसल्या बोलणारा. "बोलो साईं, किसके लिए?" मी म्हटलं घरवालीसाठी. "नंबर?" आता नंबर मला कुठे ठाऊक. मी वीत करून दाखवली. तो हसला, "साईं, इतने साल हो गए, नंबर नहीं मालूम?" मग त्याने अंदाजाने एक जोड काढला, सोनेरी पट्ट्यांचा. मला एकदम पसंत पडला.

काशीने घरी घालून पाहिला. मी विचारलं, चावतात का गं? "नाय वो. कलतच नाय पायान हाय का नाय ती." इतक्या मऊ निघाल्या. माझी निवड आहे म्हटलं.

१४ फेब्रुवारी

देवळाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी आमची प्रेशरवाल्यांची बैठक भरते. श्रद्धा मॅडमचा उपक्रम. सगळ्यांना मोजतात, गोळ्या देतात, थोडे हात-पाय हलवायला लावतात. आज माझं एकशे अठ्ठावीस. मी म्हटलं, चला, बरा झालो, गोळी बंद. मॅडम म्हणाल्या, "काका, बॉयलरचं प्रेशर नीट असलं की तुम्ही ड्युटी सोडून घरी जायचात?" सगळे हसले. मीपण हसलो, पण रागच आला होता. गोळी घेतली.

काशीला म्हटलं तूही येत जा शुक्रवारी, बायका येतात. म्हणाली, "माजा काय काम तथं?"

२० फेब्रुवारी

आज दुपारी फरशीवर लाल ठिपके दिसले, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. मला वाटलं कोंबडी कापली का काय. बघतो तर काशीच्या डाव्या पायाची करंगळी फुटलेली, सवय व्हावी म्हणून घरातच घातलेल्या नव्या चपलेच्या सोनेरी पट्ट्याखाली. आणि बाई आपली भाजी चिरत बसलेली. मी ओरडलो तेव्हा तिने खाली पाहिलं. "अगो बाय, कवा लागला?" तिला पत्ताच नव्हता! हळद भरून चिंधी बांधली आणि परत विळीवर.

मला बॉयलरची वाफ बोटावर आली तरी मी अर्धा दिवस बोंबलत असे. बायकांची जात सोशिक, त्यात माझी काशी सगळ्यांत सोशिक. मनातून अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

२ मार्च, रविवार

घरात एक वास येतोय. मला वाटलं मासळीचं पाणी सांडलंय कुठेतरी. विनिता काल माहेराहून आली. आज दुपारी काशी ओट्यावर पाय सोडून बसली होती तेव्हा तिने सरळ सासूचा पाय मांडीवर घेतला आणि चिंधी सोडली. करंगळी टोकाला काळी पडली होती. विनिताचा चेहरा उतरला. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, आई."

"लगीन झाला का जाऊ."

"लग्नापर्यंत हे बोट राहणार नाही." इतकं स्पष्ट ती आजवर सासूशी बोलली नव्हती. मी म्हटलं, चपलेचं लागलंय, एवढं काय. विनिताने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन रेडिओ लावला.

३ मार्च, सोमवार

सगळं नीट लिहायला हवं.

श्रद्धा मॅडमनी हळदीची चिंधी काढली. रागावल्या नाहीत. पाय धुतला, पुसला. मग पेन्सिलीएवढी एक दांडी घेतली, तिच्या टोकाला नायलॉनचा एक तंतू, टूथब्रशच्या केसाएवढा. म्हणाल्या, "काकू, डोळे मिटा. पायाला काही टेकलंय असं वाटलं की हो म्हणा."

काशीने डोळे मिटले. मॅडमनी तंतू अंगठ्याखाली टेकवला. काशी गप्प. तळव्याला टेकवला. गप्प. टाचेला, दुसऱ्या पायाला. तंतू वाकत होता, मला दिसत होतं. मला वाटलं परक्या माणसांसमोर लाजतेय. म्हटलं, "अगो, हो बोल ना." मॅडमनी ओठावर बोट ठेवलं.

काशी डोळे मिटूनच म्हणाली, "बाय, चालू कर ना. कवा टेकवशील?"

विनिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मॅडमनी काशीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. छोट्या मशीनवर आकडा आला, चारशेच्याही पलीकडे.

"काकू, याआधी कधी शुगर तपासली होती का?"

मी म्हणणारच होतो, छे, कधीच नाही. काशी म्हणाली, "तपासली व्हती की. नवरात्र झाल्यावर देवलान शिबिर व्हता, बाहेरशे डाक्टर आलते."

"मग काय सांगितलं त्यांनी?"

"बोलला, तुमची साखर लय हाय. साखर कंट्रोलमधे आना. मंग मी आनली. तवापासून कंट्रोलचीच आनते. बाहेरचा एक दाना नाय येव दिला घरान. इच्यारा ह्यांना."

आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. साक्षीदार मीच होतो. मी म्हटलं, "होय. कंट्रोलचीच आणते."

कोणी हसेल अशी मला भीती होती. कोणी हसलं नाही. श्रद्धा मॅडमनी काशीचा पाय दोन्ही हातांत धरला होता तो तसाच धरून ठेवला. "काकू, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत ऐकलंत," त्या म्हणाल्या, "सांगणाऱ्यानेच अर्धं सांगितलं."

दवाखान्यात दर गुरुवारी डॉक्टर अभिजीत येतात, पण त्यांची वाट बघायची नाही असं ठरलं. मॅडमनी पायाचा फोटो त्यांना फोनवर पाठवला. उद्या उल्हासनगरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला जायचं.

रिक्षात मी काशीला विचारलं, "मना का नाय सांगितलास?" म्हणाली, "धवलारीन आजारी हाय कलला का लोका दुसरीला बोलावतान." बरंच अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाली, "आनि तुमी इच्यारला कवा?"



४ मार्च

हॉस्पिटलमध्ये सर्जनने बोट दाबून, वळवून पाहिलं. मेलेलं मांस काढलं, काशी वर पंख्याकडे बघत होती. वेदना नाहीत म्हणून मी आता खूश होत नाही. सर्जन म्हणाले, बोट वाचेल की नाही ते पंधरा दिवसांत कळेल. जखम चढली तर करंगळी काढावी लागेल, आणखी चढली तर पाऊल. इन्सुलिन सुरू. पाय जमिनीला टेकवायचा नाही.

काशीने एकच विचारलं, "वीस एप्रिलला उभी रहीन?" वीस एप्रिलला काय आहे ते सर्जनना कळलं नाही. विनिताने समजावलं. ते म्हणाले, आधी पाऊल, मग लग्न.

घरी आलो तर नवीन मडकं तळाला गेलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. जन्मभर मी आधी पाणी बघितलं, मग प्रेशर. पाण्याकडे न बघणाऱ्या पोरांना मी शिव्या घातल्यात. आणि घरातलं पाणी उतरत होतं तर मी मडक्याला दोष देत होतो. मला रडू आलं. सोनेरी चपला मी उचलून कचऱ्यात टाकल्या, मग बाहेर काढल्या, कारण काशी विचारेल. मग पुन्हा टाकल्या.

७ मार्च, शुक्रवार

देवळातल्या बैठकीला आज विनिताने सगळं सांगितलं, काशीचं नाव न घेता. तरी सगळ्यांना कळलंच. मग श्रद्धा मॅडम उठल्या. म्हणाल्या, आजपासून दवाखान्यात "कंट्रोल" हा शब्द बंद. आणि आम्ही काही सांगितलं की घरी जायच्या आधी ते तुम्ही आम्हाला परत सांगून दाखवायचं, तुमच्या शब्दांत. एक बाई उठून म्हणाली, "मंग मना सांगितला, खाली पोट गोली घ्या, ती मी पोटावर झोपून घेते." यावर मात्र सगळे हसले, ती बाईसुद्धा. मॅडम हसता हसता एकदम थांबल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

विनिता परतताना रस्त्यात म्हणाली, "बाबा, दुसऱ्याच्या घरात मी बाईला तपासल्याशिवाय सोडत नाही. आपल्या घरात मी सून झाले." मी म्हटलं, तू विचारलं होतंस. बोललो मी होतो.

१२ मार्च

रोजचा क्रम बसला. सकाळी विनिता ड्रेसिंग करते. पहिले दोन दिवस काशी पाय ओढून घ्यायची, सुनेने जखमेला हात लावायचा म्हणून तिला संकोच. विनिताने शेवटी पिशवी खांद्याला लावली, मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दाराने आली. "येऊ का? आशाताई आलेय." काशीने पाय पुढे केला.

इन्सुलिनची सुई मी टोचतो. मॅडमनी शिकवलं, मग माझ्याकडून परत वदवून घेतलं, मग उशीवर टोचायला लावलं, मग काशीला. काशी म्हणाली, "डास बरा ह्याच्यापरीस."

चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा. हितेश तोंड वाकडं करतो आणि पितो. उरलेली कंट्रोलची साखर मी भागीरथीकडे परत घेऊन गेलो. ती दारातच रडायला लागली, म्हणाली, "भावोजी, मीच देत व्हती तिला." मी म्हटलं, तू दिलीस ती तांदळाच्या बदल्यात, दोष कसला. बराच वेळ बसलो तिच्याकडे.

१९ मार्च

पंधरा दिवस झाले. हॉस्पिटल. सर्जनने पट्टी सोडेपर्यंत मी भिंतीवरच्या लस टोचण्याच्या पोस्टरमधलं बाळ बघत राहिलो. मग विनिताचा आवाज आला, "लाल आहे, बाबा. लाल आहे." खालून लाल मांस धरतंय. काळं चढलेलं नाही. करंगळी राहील, थोडी वाकडी.

काशीने लगेच विचारलं. सर्जन म्हणाले लग्नाला जा, पण उभं राहायचं नाही आणि अनवाणी तर मुळीच नाही. घरातसुद्धा नाही. मऊ रबराच्या खास चपला लिहून दिल्या. पाय मापून बनवल्या जातात. मी माप घेणाऱ्याला विचारलं, नंबर काय आला? त्याने सांगितला. तो मी इथे लिहून ठेवतो, सात.

५ एप्रिल

घरात दोन दिवस अबोला. मांडवात चपला घालून धवलारीण कशी जाणार? काशीच्या मते त्यापेक्षा न गेलेलं बरं. भाऊ म्हणाला, वहिनी, दुसरी बघू का या खेपेला? तो चांगल्या मनाने म्हणाला, पण काशी उठून आत गेली आणि जेवली नाही. इन्सुलिन घेऊन न जेवणं म्हणजे काय ते आता मला ठाऊक आहे. मी ताट घेऊन तिच्यापुढे बसलो आणि म्हटलं, तू नाय जेवलीस तर मी लोणच्याची बरणी उघडीन. जेवली.

श्रद्धा मॅडमना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, रूढी सोडा, तब्येत महत्त्वाची. त्या साताऱ्याकडच्या, त्यांना आमचे मांडव काय ठाऊक. पण त्यांनी काशीलाच विचारलं, "मांडवात चपला का नकोत, काकू?"

काशी विचार करून म्हणाली, "बाहेरची घान येते ना मांडवान."

"मग ज्या चपला कधी बाहेर गेल्याच नाहीत, त्या?"



२० एप्रिल, रविवार. रात्री घरी आलो.

दुसरा जोड बनवून घेतला, तसाच, पांढऱ्या पट्ट्यांचा. कोऱ्या पंच्यात गुंडाळून मी तो दोन्ही हातांवर धरून मांडवापर्यंत नेला. गाडीतून उतरलेली काशी खुर्चीत बसली, रोजच्या चपला बाहेर काढल्या, मी खाली बसून नव्या तिच्या पायांत घातल्या. बायको नवऱ्याच्या पाया पडते, हे उलटं बघून पोरं मोबाइल काढून उभी राहिली. काढू द्या.

नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "मांडवान चपला?" काशीने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "या मांडवाच्या हायत, दादा. भुईला लागल्या नायत." म्हाताऱ्याने स्वतःच तिची खुर्ची उचलून बोहल्याजवळ नेली.

ती फिरली नाही. नवरीच तिच्याभोवती फिरली. आवाज लागला तेव्हा डीजेवाल्याने मशीन बंद केलं. जिज्ञासा रडली, भाऊ रडला. श्रद्धा मॅडम आणि विनिता मागे उभ्या होत्या, जेवणाच्या वेळी दोघींनी काशीच्या ताटातला लाडू उचलून आपल्या ताटात घेतला. काशीने त्यांना पाहिलं आणि गाण्यातच त्यांची नावं गुंफून चिडवलं.

माझं प्रेशर आज मोजलं नाही.

६ मे, मंगळवार

श्रद्धा मॅडमनी सगळ्या आशांना सांगितलंय की जानेवारीत झालेली घरं पुन्हा करा, आणि या वेळी प्रत्येकाला स्वतः बोलू द्या. आज सकाळी विनिता भाकऱ्या थापून, हात धुऊन, मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दारात आली. "येऊ का?"

आधी मी. तंबाखू? मी खिशातून पुडी काढून टीपॉयवर ठेवली. सोडलेली नाही अजून, लपवणं सोडलंय. विनिता म्हणाली, "जानेवारीतही हो असंच लिहिलं होतं, बाबा." बरं.

मग काशी. विनिताने फक्त विचारलं, "आई, तुम्हाला काय काय त्रास होतो?"

काशीने सवयीने माझ्याकडे पाहिलं. आणि माझंही तोंड उघडलेलं होतं, सवयीनेच. मी ते मिटलं. तरी ती माझ्याकडेच बघत होती, मी काही बोलेन म्हणून थांबलेली. मी बसून राहिलो तर ती बोलणार नाही हे तेव्हा लक्षात आलं. उठलो आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो, दार ओढून घेतलं.

आत थोडा वेळ काहीच नव्हतं. मग तिचा आवाज आला. मांडवातला नव्हे, वेगळाच, हळू, अडखळत. शब्द कळत नव्हते. मध्ये थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. एकदा हसली. एकदा रडली बहुतेक. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी आवाज चालूच होता. इतकं साठलं होतं हिच्याकडे, आणि मी एका घरात राहून कधी ऐकलं नव्हतं.

भागीरथी रस्त्यावरून जाताना थांबली. दार बंद बघून तिने विचारलं, "भावोजी, आत कोन आलाय?"

मी म्हटलं, "कोन नाय. काशी बोलते."